१९९१ ची मियाटा, १.६ : इंजिन बांधायचं, बदलायचं की आहे तसंच पळवायचं?

पॉपअप_मामा

नमस्कार मंडळी. गाडी १९९१ ची माझदा मियाटा (जपानात युनोस रोडस्टर, युरोपात एमएक्स-५), १.६ लिटरचं बी६ इंजिन, पाच गिअर, १,६८,००० मैल. गाडी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आहे. पत्रा स्वच्छ, गंज कुठेच नाही, हूड आणि गिअरबॉक्स चांगले. रोग फक्त इंजिनात.

ऑइल खाते, साधारण ७०० मैलांना एक क्वार्ट (जवळपास एक लिटर). चढाला जोर लावला की मागे निळसर धूर. ताकद कमी वाटते. चारही सिलिंडरचं मोजलेलं कॉम्प्रेशन असं (इंजिन गरम, चारही प्लग काढलेले):

१ : १५० पीएसआय
२ : १४८
३ : ११८
४ : १५२

तीन नंबरमध्ये दोन छोटे चमचे ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर १५० आलं. म्हणजे रिंगा गेल्या, असं मी धरून चाललोय. ऑइल प्रेशरचा काटा गरम असताना आयडलला ३० च्या जरा खाली, ३००० आरपीएमला ५०. थंडीत स्टार्ट केल्यावर वरून टकटक येते, पाचेक मिनिटांनी जाते.

मशीन शॉपचा अंदाज : बोअरिंग, चार ओव्हरसाइझ पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक पॉलिश, हेडचं काम आणि गॅस्केट सेट मिळून २८०० डॉलर. उतरवणं-चढवणं मीच करणार. दुसरा पर्याय, जुन्या बाजारातलं १.६ इंजिन ९०० डॉलरला. तिसरा, १९९४ नंतरचं १.८ बसवायचं. गाडी आज विकली तर फार तर ६००० येतील. काय करावं?

बोअरगेज

अजून काहीच करू नका. तुमचे आकडे निर्णय घेण्याजोगे नाहीत.

आधी ऑइल टाकून केलेली चाचणी. १५९७ सीसी भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरला ३९९ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९.४, म्हणजे पिस्टन वर असताना डोक्यावर उरणारी जागा जेमतेम ४७-४८ सीसी. तुम्ही त्यात दहा मिली ऑइल ओतलंत, म्हणजे पाचवा हिस्सा जागा बुजवलीत. रेशो साडेअकराच्या पुढे गेला. रिंगा धडधाकट असत्या तरी काटा उडाला असता. ११८ वरून १५० ही उडी बऱ्याच अंशी त्या बुजलेल्या जागेची असू शकते. ही चाचणी करायचीच तर पाच मिली, तेही चारही सिलिंडरमध्ये सारखंच टाकून, आणि दोनतीन फेऱ्या फिरवून ऑइल भिंतींना पसरू द्यायचं. मग कोण किती वाढला याची तुलना करायची. एकट्यालाच ऑइल पाजलं तर तुलना कशाशी करणार?

दुसरं, माझदाचा आकडा या इंजिनाला नवीन असताना १९२, किमान १३४, आणि सिलिंडरांमधला फरक जास्तीत जास्त २८ पीएसआय, हे सगळं ३०० आरपीएमला. तुमचे एक, दोन आणि चार एकमेकांशी छान जुळतात, पण तिन्ही ४० ने खाली आहेत. सारख्या झिजेनेही असं होऊ शकतं, पण आधी सोपी कारणं वगळा. तिघं एकसारखे खाली असतील तर कारणही तिघांना सामाईक असू शकतं : थ्रॉटल बंद ठेवून मोजलं, बॅटरी अर्धवट, गेजच खोटं बोलतोय, किंवा टायमिंग मागे पडलंय. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरीला चार्जर लावून पुन्हा मोजा. हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढला की स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही बंद होतात. प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके द्या.

मग लीकडाउन करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. हवेने इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि हात पान्यावर नको. नंतर कान लावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. दहा टक्क्यांपर्यंत ठीक, वीसच्या पुढे काम निघालं समजा.

ऑइलचं म्हणाल तर एक क्वार्ट जळतंय की गळतंय ते आधी ठरवा. त्याच कॅम अँगल सेन्सरखाली एक ओ-रिंग असते, ती कडक होते आणि ऑइल बेलहाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून) खाली ओघळतं. खालून बघणाऱ्याला वाटतं मागचं क्रँक सील गेलं, आणि गिअरबॉक्स उतरवायची तयारी सुरू होते. ओ-रिंग काही डॉलरची आहे. कॅम कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनाच्या आतली वाफ इनटेककडे सोडणारा) बदला. तो अडकला की इंजिन इनटेकमधून ऑइल ओढतं आणि धूर अगदी रिंगांसारखाच दिसतो. खरा फरक धूर कधी येतो त्यात आहे. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर एकच भपका आला तर व्हॉल्व्हची सीलं. जोर लावल्यावर सलग आला तर रिंगा. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून रिंगांचा संशय चुकीचा नाही, फक्त सिद्ध झालेला नाही.

टकटक हायड्रॉलिक लिफ्टरची (व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने भरून काढणाऱ्या कपांची). १९९७ पर्यंतच्या सगळ्या मियाटांना येते. पाच मिनिटांत जात असेल तर तिच्यासाठी इंजिन उघडायचं कारण नाही.

ऑइल प्रेशर चांगलं आहे. गरम इंजिनाला १००० आरपीएमला २९ ते ४३, ३००० ला ४३ ते ५७ हा माझदाचा पल्ला, आणि तुम्ही आयडलला मोजताय, जी ८५० असते. १९९४ पर्यंतच्या गाड्यांना डॅशवर खरा काटा आहे, नंतरचा नुसता शोभेचा. तरी एकदा मेकॅनिकल गेज लावून खात्री करा. ऑइल प्रेशर सेंडरच्या भोकाला १/८ बीएसपीटी आटे आहेत. अमेरिकन दुकानातला १/८ एनपीटी अॅडॉप्टर सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि आटे घेऊन बाहेर येतो.

चार_खाचा

बोअरगेज यांनी टायमिंगचा उल्लेख केला, पण मुद्दा जाता जाता निसटला. १९९१ ची गाडी म्हटल्यावर पहिला प्रश्न क्रँकच्या नाकाचा.

१९९० पासून १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ ला आखूड नाकाचा क्रँक आहे. पुढचा टायमिंग गिअर ज्या टोकावर बसतो ते टोक आखूड आणि चावीची (गिअर आणि क्रँक एकत्र फिरवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) पकड अपुरी. टायमिंग बेल्ट बदलताना पुढचा बोल्ट काढावा लागतो. तो पुन्हा नीट आवळला नाही, किंवा जुनाच बोल्ट वापरला, की गिअर नाकावर सूक्ष्म डोलायला लागतो. डोलून डोलून चावी झिजते, मग खाच रुंद होते. नंतर माझदाने नाक लांब केलं. ओळखायची खूण : पुलीच्या मधल्या बोल्टभोवती खाचा दिसतात. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब.

यात गंमत अशी की टायमिंग लाइटने हे पकडता येत नाही. पुली त्या गिअरच्याच अंगाला चार छोट्या बोल्टांनी बसते. गिअर क्रँकवर मागे सरकला तर पुलीवरची खूणही त्याच्यासोबत सरकते, कॅमही मागे पडतात, आणि सेन्सर कॅमवर असल्यामुळे स्पार्कही. डायग्नोस्टिक बॉक्समधल्या टेन (TEN) आणि जीएनडी (GND) या पिना जोडून लाइट मारला की खूण १० अंशांवर सुंदर दिसते, पण पिस्टनच्या हिशेबाने सगळंच उशिरा चाललेलं असतं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो म्हणून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम उतरतं. ताकद कमी, आणि तीन सिलिंडर सारखेच खाली. तुमचे आकडे नेमके असेच आहेत. बेल्ट एक दात सुटला असेल तरी असंच दिसेल, म्हणून दोन्ही तपासा.

तपासायची रीत : एक नंबरच्या प्लगच्या भोकातून डायल गेज लावा. नुसतं 'पिस्टन वर आला' यावर जाऊ नका, टोकाशी पिस्टन बराच वेळ थबकल्यासारखा असतो आणि त्यात पाच अंश सहज हरवतात. पिस्टन वर येताना टोकापासून दोन मिमी खाली असेल तेव्हा पुलीवर एक रेघ मारा. तसाच पुढे फिरवून टोक ओलांडून पुन्हा दोन मिमी खाली गेला की दुसरी रेघ. दोन्हींचा मध्य म्हणजे खरं टोक. तो मध्य कव्हरवरच्या 'टी' (T) या खुणेपाशी आणा आणि पुलीची मूळ खूण कुठे आहे ते बघा. टीपाशीच असेल तर नाक शाबूत. टीपर्यंत पोचलीच नसेल तर कळलं काय ते.

नाक गेलेलं असेल तर त्याच क्रँकवर २८०० डॉलर घालणं म्हणजे भिंत पडायला आलेल्या घराला रंग देणं. मशीन शॉपवाल्याने क्रँक पॉलिश लिहिलंय. पॉलिश होतं ते जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांचं), नाकाकडे त्याचं लक्षही जाणार नाही.

पॉपअप_मामा

सगळं करून आलो. पुलीला चार खाचा. दोन रेघांची रीत वापरली. पिस्टन खऱ्या टोकाला असताना पुलीची खूण टीच्या अलीकडे, १० च्या रेघेपाशीच थांबते. बोल्ट काढला, चावी एका बाजूने खाल्लेली, खाच थोडी रुंद झालीय पण कड अजून उभी आहे. बेल्टचे दात बरोबर.

लीकडाउन : ८, ९, २६, १० टक्के. तीन नंबरची फुसफुस ऑइलच्या झाकणातून. पीसीव्ही आणि ओ-रिंग बदलली.

म्हणजे दोन वेगळे रोग. आता?

चार_खाचा

कड उभी आहे म्हणजे नशीब. लॉकटाइट ६६० हा झिजलेल्या फटी भरणारा प्रकार आहे, मियाटावाले यासाठी वर्षानुवर्षं तोच वापरतात. नवीन गिअर, नवीन चावी, नवीन बोल्ट, तिन्ही. जुना गिअर आतून झिजलेलाच असतो. पुढचं ऑइल सील आधीच नवं बसवून घ्या. नाक, खाच आणि गिअरचा आतला भाग ब्रेक क्लीनरने इतका पुसा की कापडाला काळं लागता कामा नये. ऑइलचा अंश राहिला तर ६६० धरत नाही. चावीची झिजलेली बाजू भरून घ्या, गिअर चढवताना चावी फिरण्याच्या दिशेने दाबून बसली आहे याची खात्री करा, सांडलेलं सीलकडे जाऊ देऊ नका. आखूड नाकाचा बोल्ट ८० ते ८७ फूट-पाउंडला आवळायचा. लांब नाकाचा आकडा ११६ ते १२३ आहे, तो चुकूनही इथे लावू नका. मग २४ तास गाडीला हात लावायचा नाही. बोल्ट सोडवताना स्टार्टर मारून झटका द्यायची युक्ती कुणी सांगेल, या क्रँकवर तर ती मुळीच नको.

हे झालं की पुन्हा कॉम्प्रेशन मोजा.

लेथवाला

तीन नंबरबद्दल बोलतो. एकच सिलिंडर गळतोय आणि बाकीचे आठ-नऊ-दहा टक्क्यांवर आहेत, तर चारही बोर घासलेले नाहीत. एक तर रिंग कार्बनमध्ये चिकटलीय, किंवा तुटलीय, किंवा त्या बोरला चरा पडलाय. बोरस्कोप प्लगच्या भोकातून घाला, पिस्टन खाली नेऊन भिंत बघा. उभा खोल चरा दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही, बोअरिंगच करावं लागेल. होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत असतील तर आशा आहे.

आशा असेल तर आधी भिजवून बघा. तीन नंबरचा पिस्टन मधोमध ठेवून कार्बन विरघळवणारं द्रव्य ५० मिलीभर ओता, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा थोडं. स्टार्टर मारायच्या आधी चारही प्लग बाहेर पाहिजेत, नाहीतर द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाका, द्रव कारंज्यासारखं उडतं आणि रंग खातं. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला, कारण अर्धं द्रव खाली चेंबरमध्ये (ऑइलच्या टाकीत) गेलेलं असतं. चिकटलेल्या रिंगा सुटल्या तर तीनशे-चारशे मैलांत कळतं.

नाहीच सुटल्या तर आपल्याकडे ज्याला हाफ इंजिन म्हणतात तेवढं पुरेल का, हा प्रश्न येतो. म्हणजे हेड आणि चेंबर उतरवून पिस्टन वर काढायचे, रिंगा आणि शेल (बेअरिंगचे) बदलायचे, बोरला होनिंग करायचं. ठरवणारा आकडा पिस्टन आणि बोरमधली फट. नवीन असताना ०.०३९ ते ०.०५२ मिमी, आणि ०.१५ मिमीला संपलं. बोर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजायचा, पिस्टन पिनच्या काटकोनात. वरच्या टोकाला, रिंग जिथे थांबते तिथे, नखाला लागेल असा ओठ तयार झाला असेल तर तो रीमरने काढल्याशिवाय नवी वरची रिंग घालू नका. पहिल्याच फेरीत ती ओठावर आदळते आणि तुटते. रिंग पिस्टनच्या खोबणीत वरखाली किती हलते तेही फिलर गेजने बघा, ०.१५ च्या पुढे असेल तर रिंग नवी असूनही ऑइल वर चढवणार. 'रिंगा बदलल्या तरी ऑइल खाते' अशी तक्रार येते ती बहुतेक या खोबणीमुळेच.

रिंगची फट मोजायची तर रिंग बोरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने खाली ढकलायची, म्हणजे ती तिरकी राहत नाही. वरच्या रिंगला ०.१५ ते ०.३०. कमी असेल तर कानशीने घासून वाढवा. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोरला ओरबाडते. जास्त असल्याने एवढं बिघडत नाही.

बोअरिंगच लागलं तर ०.२५ आणि ०.५० असे दोन ओव्हरसाइझ आहेत. बोर वाकडा घासला असेल तर ०.२५ मध्ये तो सरळ होत नाही, आणि मग पुन्हा पैसे. आधी पिस्टन हातात घ्या, मग प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने तो तो बोर कापायला सांगा. पिस्टन यायच्या आधी 'स्टँडर्ड ०.५०' कापून ठेवतो म्हणणाऱ्या दुकानातून ब्लॉक उचला आणि निघा.

होनिंग झाल्यावर बोर पेट्रोलने किंवा थिनरने धुऊ नका. दगडाची भुकटी रेघांत अडकून राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश, आणि पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. लगेच ऑइल लावा, नाहीतर अर्ध्या तासात गंजाचा तांबूस थर दिसतो.

शेलची फट प्लॅस्टिगेजने (दाबून फट मोजायच्या प्लॅस्टिकच्या तारेने), मिमीमध्ये : मेन ०.०१८ ते ०.०३६, रॉड ०.०२८ ते ०.०६८, दोन्हींना मर्यादा ०.१०. क्रँकची पुढे-मागे हालचाल ०.३० च्या आत. हेड ०.१५ मिमीच्या पुढे वाकलं असेल तर फेसिंग. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ७६ ते ८१ न्यूटन-मीटर, आट्यांना ऑइल लावून. आटे कोरडे ठेवले तर टॉर्क पाना टक म्हणतो, पण ताण तेवढा बसलेला नसतो.

ऑइल पंप नवा घातला तर बसवायच्या आधी आत पेट्रोलियम जेली भरा. कोरडा पंप ऑइल ओढत नाही, आणि पहिल्या मिनिटात नवे शेल काळे पडतात.

बाकी ज्या वस्तू इंजिन बाहेर असताना बदलायच्याच : वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर, कॅमची दोन सीलं, मागचं क्रँक सील, हीटरचे मागचे होस, क्लच. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर तीही. नव्या इंजिनाला जुना रेडिएटर जोडून हेड पुन्हा वाकवण्यात अर्थ नाही.

धूरतपासणी

मी कागदाच्या बाजूने बोलतो, कारण गाडी कॅलिफोर्नियात आहे. १९७६ पासूनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक (धुराची तपासणी) आहे, आणि बे एरियात (फ्रीमाँट त्यातच येतं) तुमच्या सालाची गाडी रोलरवर चढवून हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मोजतात. ऑइल जाळणारी गाडी हायड्रोकार्बनमध्ये अडकते. त्याहून महाग म्हणजे ऑइलमधलं फॉस्फरस कॅटलिस्टवर (धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) बसतं आणि तो मरतो. नवा घ्यायचा तर राज्याची मान्यता असलेलाच लागतो, स्वस्त इतर राज्यांतला चालत नाही. 'आहे तसंच पळवा' या पर्यायाच्या किमतीत हा खर्च धरा.

१.८ चं इंजिन घालणं यांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. ब्लॉक त्याच जागी बसतो, गिअरबॉक्स तोच. ११६ अश्वशक्तीच्या जागी १२८ मिळतात, टॉर्क १०० फूट-पाउंडचा ११०. पण क्लच २०० मिमीचा, १.८ चा २१५ चा, फ्लायव्हीलसह घ्यावा लागतो. हवा मोजायला तुमच्याकडे फडक्याचा मीटर, १.८ ला गरम तारेचा. आणि नियम असा की इंजिन गाडीच्या सालाचं किंवा नंतरचं हवं, त्याच्यासोबत आलेलं सगळं उत्सर्जनाचं सामान, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा भाग), कॉम्प्युटर, सेन्सर, कॅटलिस्टसकट बसलं पाहिजे, आणि रेफरीकडून (राज्याच्या स्मॉग तपासनिसाकडून) तपासून शिक्का घ्यायचा. अपघातातली आख्खी १९९४-९५ ची गाडी समोर उभी असेल तर करा. नुसतं इंजिन घेतलंत तर छोट्या वस्तू शोधण्यात वर्ष जाईल. वर १९९३ पर्यंतच्या गाड्यांना मागचा डिफरन्शियल सहा इंची, १.८ ला सात इंची. शांतपणे चालवली तर जुना तग धरतो, ट्रॅकवर नेणार असाल तर त्याचाही खर्च लिहून ठेवा.

त्यामुळे इंजिन बदलायचंच तर १९९२-९३ चं १.६. आठ खाचांचं नाक. लाँग ब्लॉक (ब्लॉक आणि हेड, बाहेरचं सामान सोडून) तेवढा त्याचा घ्या, इनटेक, एक्झॉस्ट, सेन्सर सगळं आपलं. तपासणीवाल्याला पूर्वीसारखंच दिसेल.

९०० डॉलरवाल्याकडे जमिनीवर पडलेल्या इंजिनाचंही लीकडाउन करता येतं, फक्त त्याने करू दिलं पाहिजे. नाही म्हणाला तर किंमत निम्मी धरा. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडा. चमचम दिसली तर शेल गेले. जपानहून आलेलं 'चाळीस हजार मैल' या शब्दांना काही किंमत नाही, मैल इंजिनावर लिहिलेले नसतात. आणि फॅमिलिया वगैरे पुढच्या चाकांच्या माझदातलंही इंजिन बी६ च म्हणवतं, पण इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या मियाटात ते सरळ बसत नाही. नाव वाचून घेऊ नका.

बोअरगेज

धूरतपासणी यांच्या म्हणण्यात एक भर. जुनं इंजिन आणून जसंच्या तसं बसवणं हा मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. इंजिन-गिअरबॉक्स काढायला पीपीएफ, म्हणजे गिअरबॉक्स ते डिफरन्शियल जोडणारी ती लांब फ्रेम, सोडावी लागते, परत बसवताना तिची उंची मोजून घ्यावी लागते, नाहीतर गिअर लीव्हर थरथरतो. एवढं काम करून आत तीस वर्षांची सीलं असलेलं इंजिन घालायचं? बाकावर असतानाच चेंबर उघडा, शेल बघा, सीलं बदला.

पॉपअप_मामा

तीन आठवड्यांनी लिहितोय. ६६० लावून २४ तास ठेवलं, पुलीची खूण आता टीपाशी. नवे आकडे १७२, १७०, १३८, १७४. ताकदीतला फरक पहिल्याच चढाला जाणवला.

फरक मात्र ३६, मर्यादेच्या बाहेर. बोरस्कोपमध्ये तीन नंबरला तिरक्या रेघा दिसतात, चरा नाही, पिस्टनच्या माथ्यावर मात्र जाड काजळी. दोन रात्री भिजवलं, ऑइल बदलून ४०० मैल चालवली. आता तीन नंबर १५६, लीकडाउन १७. इतर तिघे तसेच. ऑइल ४०० मैलांत काठीवर एक बोटभर उतरलं, धूर जवळजवळ गेला.

तर बोअरिंगचा विचार सध्या सोडला. एक १९९३ चं १.६ मिळतंय, आठ खाचा मोजल्या, लीकडाउन करू दिलं (११, १३, १०, १२). ७५० म्हणतोय. ते घेऊन हिवाळ्यात बाकावर उघडावं आणि ही गाडी तोवर चालवावी, असा बेत आहे. बरोबर आहे का? आणि त्याचा क्रँक काढून माझ्या ब्लॉकमध्ये घालणं सोपं पडेल का?

लेथवाला

घ्या. क्रँक एकटा काढून तुमच्या ब्लॉकमध्ये नको. मेनच्या कॅप त्या ब्लॉकसोबत कापलेल्या असतात, शेल पुन्हा मोजून निवडावे लागतात, आणि शेवटी तीन नंबरचा संशयित बोर तुमच्याकडेच राहतो. त्याचा लाँग ब्लॉक एकसंध ठेवा.

अकरा-बारा टक्क्यांवर त्याला बोअरिंगची गरज दिसत नाही. पिस्टन काढलेत तर रिंगा आणि होनिंग, नाही काढले तर शेल, सीलं, ऑइल पंप, बेल्ट, वॉटर पंप आणि व्हॉल्व्हची सीलं एवढंच. हायड्रॉलिक लिफ्टर बाहेर काढून, आतली कुपी सुटी करून धुवा आणि ऑइलमध्ये बुडवून ठेवा. प्रत्येक लिफ्टर त्याच्याच भोकात परत गेला पाहिजे, अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवले की गोंधळ होत नाही. पुढचा बोल्ट नवा, आणि याला ११६ ते १२३.

चार_खाचा

नव्या रिंगा घातल्यात तर पहिल्या स्टार्टच्या आधी प्लग काढून, सेन्सरचा कनेक्टर सोडून, डॅशवरचा ऑइलचा काटा उठेपर्यंत स्टार्टर फिरवा. दहा-दहा सेकंदांच्या खेपा, मध्ये थांबून. साधं मिनरल १०डब्ल्यू-३०, फिल्टरसकट साडेतीन ते पावणेचार लिटर, पण काठी बघूनच भरा. सुरू झाल्यावर आयडलला ठेवून कौतुक बघत बसू नका, रिंगा बसायला दाब लागतो. गळती बघितली की सरळ रस्त्यावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २००० ते ४००० अॅक्सिलरेटर देत चढवायची आणि गिअरमध्येच सोडून उतरवायची, दहा-पंधरा वेळा. पहिलं ऑइल ५० मैलांवर, दुसरं ५०० वर. सिंथेटिक ऑइल खाणं थांबल्यावर.

आणि हिवाळ्यापर्यंत ही गाडी चालवाल तेव्हा दर दुसऱ्या टाकीला काठी बघा. महिन्याने ती दोन रेघांची रीत पुन्हा एकदा करा. खूण टीवरून हलली असेल तर ६६० ने धरलेलं नाही, आणि मग हिवाळ्याची वाट बघू नका.